थेंब्या

“श्वास घ्या. रोखून धरा,” असं म्हणून तो काचेमागच्या खोलीत आला, बटणावर बोट ठेवलं, आणि तेवढ्यात आतल्या बाईंचा फोन वाजला. फोन बाहेर ठेवावा असं दारावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. तरी माणसं पर्स घेऊनच आत येतात आणि स्टुलावर काढलेल्या कपड्यांखाली ती दडवतात. त्यामुळे आवाज दबका आला. आधी नळाखाली बादली भरत जाते तसा, खालून वर चढणारा. मग एक जाड ठेका. आणि ठेक्यावर प. प, प, प-प, प. पत्र्यावर थेंब पडावेत तसा. फक्त ह्या थेंबांना ओठ होते. त्याचं बोट बटणावर तसंच राहिलं. ओठ आपोआप एकमेकांवर दाबले गेले आणि त्यांच्यामागे हवा साठायला लागली, कुणी न सांगता, जशी ती पूर्वी साठायची. फोन वाजून वाजून थांबला. काचेपलीकडे बाई छाती थंड पाटीला टेकवून, खांदे पुढे घेऊन, हनुवटी वर करून आज्ञाधारकपणे उभ्या होत्या. ‘सोडा’ म्हणायचं राहूनच गेलं होतं.

“अहो, मारता की काय माणसाला!” बाई खोकत खोकत वळल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

“सॉरी. मात्र फोन बाहेर ठेवायला हवा होता,” तो म्हणाला. फोटो हललेला आला होता, पुन्हा काढावा लागणार होता. बाईंना परत उभं करताना त्याच्या तोंडून निघून गेलं, “ते गाणं कुठलं होतं?”

“कुठलं? फोनमधलं होय! अहो, सगळीकडे तेच चाललंय की. माझ्या भाच्यानं टाकून दिलं. बारकं पोर बोलतंय म्हणे त्यात. गोड आहे ना?”

“गोड आहे,” तो म्हणाला. “श्वास घ्या.”

ते बारकं पोर तोच होता. हे त्या बाईंना सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, ह्याचा तो उरलेला दिवसभर विचार करत राहिला. माणसं येत होती, कपडे उतरवून हिरवे डगले चढवत होती, थंड पाटीला टेकताना दचकत होती. त्यांना तो नेहमीच्या शब्दांत हलवत होता. माणसाच्या शरीरात प फार. पाय, पाठ, पोट, पाऊल, पिंढरी, पापणी. ह्या एक्स-रेच्या खोलीत नोकरीला लागला तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्याच्या हे ध्यानात आलं होतं, आणि तेव्हापासून तो पायाला घोटा किंवा गुडघा म्हणत आला, पाठीला मणका, पोटाला इंग्रजी शब्द. ‘पुढे सरका’ऐवजी ‘जवळ या’. ‘पुढचा पेशंट’ऐवजी ‘नंतर कोण आहे’. डॉक्टरांना वाटायचं, गडी शास्त्रशुद्ध बोलतो. ‘पण’ तर त्यानं कधीच सोडून दिला होता. त्याच्या जागी ‘मात्र’ आणि ‘तरी’ असायचे, आणि त्यामुळे भाजीच्या दुकानातसुद्धा तो छापील पुस्तकासारखा बोलायचा. लोक हसायचे. हसू देत. बोलताना वाक्याच्या दोन शब्द पुढे कुणीतरी चालत असायचं, रस्त्यात कुठे प पडलाय का ते बघायला, आणि दिसला की आडवाट दाखवायला. हे इतकं सवयीचं झालं होतं की तो अडखळतो हे आता कुणालाच माहीत नव्हतं. बायकोलाही नाही. तिला वाटायचं, माणूस मोजकं बोलतो.

बाबा रेडिओवर होते. बातम्या सांगणारे नव्हेत, गाणी लावणारेही नव्हेत. त्या काळी रेडिओ केंद्रात एक लहानशी खोली प्रयोगांसाठी म्हणून दिलेली होती, आणि बाबा त्या खोलीचे साहेब होते. ते ध्वनिचित्रं करायचे. म्हणजे काय, हे त्याला शाळेत मित्रांना कधी नीट सांगता आलं नाही. बाबा आवाज गोळा करायचे: बाजारातल्या तराजूचा, कुलपाचा, आगपेटीचा, जिन्यात भांडणाऱ्या बायकांचा, जुन्या भाषणांचा, कुणाच्या तरी खोकल्याचा, मग फीत ब्लेडनं कापायचे, हवे ते तुकडे चिकटपट्टीनं जोडायचे, उलटे वाजवायचे, सावकाश वाजवायचे, एकावर एक चढवायचे, आणि ह्या सगळ्यातून अर्धा-पाऊण तासाचं असं काहीतरी निघायचं की जे ऐकून काही लोक रेडिओ बंद करायचे आणि काही लोक घरी येऊन बाबांचे हात हातात घ्यायचे. घरातही एक मोठं यंत्र होतं. आईच्या हातून चमचा पडला तर बाबा धावत यायचे. “परत पाड,” म्हणायचे. ती पाडायची. “असा नाही गं. मघासारखा. न ठरवता.” न ठरवता चमचा कसा पाडायचा हे आईला आयुष्यभर जमलं नाही, आणि बाबांनी तिच्यावर कधी आवाजही चढवला नाही. ते कुणावरच आवाज चढवत नसत. नुसता चेहरा पडायचा, आणि मग घरात सगळेच हळू चालायचे.

त्याच्या अडखळण्याची बाबांना लाज वाटायची. तसं ते बोलले नव्हते, पण पाहुणे आले की “जा राजा, आत जाऊन खेळ” असं ते इतक्या प्रेमानं म्हणायचे की त्याला कळायचं. आवाजावर पोट असलेल्या माणसाच्या घरात हे असं पोर. मग एका दुपारी तो खेळून घामाघूम होऊन आला. बाबा स्वयंपाकघरात नळाचा आवाज धरत बसले होते. त्याला तहान लागली होती, म्हणजे नुसती लागली नव्हती, जीभ टाळ्याला चिकटली होती. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, प. प, प. बाबांचा हात यंत्र बंद करायला गेलेला तसाच हवेत थांबला. त्यांनी वर बघितलं. असं त्यांनी त्याच्याकडे त्याआधी कधी बघितलं नव्हतं. पहिल्यांदाच तो त्यांना दिसला असावा तसं. त्यांनी नळ बारीक केला, पेला भरला, हातात धरला, आणि माईकचा दांडा त्याच्याकडे वळवला. “म्हण,” ते म्हणाले. “सावकाश, राजा. घाई नाही आपल्याला.” तो म्हणायला लागला. पेला बाबांच्या हातात होता. आई मोरीत भांडी घासत होती, ती ओल्या हातांनी आली आणि म्हणाली, “अहो, आधी द्या की त्याला.” बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. ती तिथेच थांबली. तिच्या हातांवरून ओघळ कोपरापर्यंत गेले, ते तिनं पुसलेही नाहीत, कारण पदराचा आवाज झाला असता. यंत्राची चाकं फिरत होती. किती वेळ, कोण जाणे. शेवटी पाणी मिळालं तेव्हा ते बाबांच्या हाताच्या उबेनं कोमट झालं होतं. तो घटाघटा प्यायला, आणि बाबांनी तेही धरलं.

ह्यातली वाईट गोष्ट अशी की त्यानंतरचे महिने त्याच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे तो कुणाला सांगू शकला नसता. शाळेतून आला की दप्तर टाकून थेट बाबांच्या खोलीत. बाबांनी त्याच्या प चा एक तुकडा कापून फितीचं कडं केलं होतं. ते यंत्रातून फिरून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथे ते ताणून धरायला कुणीतरी लागायचं. तो पेन्सिल उभी धरून तिथे उभा राहायचा. त्याचा स्वतःचा प त्याच्या बोटांवरून सरसरत जायचा, यंत्रात शिरायचा, खोलीभर वाजायचा आणि परत त्याच्या पेन्सिलीकडे यायचा. “हलू नकोस,” बाबा म्हणायचे, “छान धरलंयस.” हात दुखून यायचा. तो हलायचा नाही. पाहुणे आले की आता त्याला आत पाठवत नसत, बाहेर बोलावत. “म्हणून दाखव,” बाबा म्हणायचे. त्यांच्या मित्रांपैकी एका नाटकवाल्यानं त्याचं नाव थेंब्या ठेवलं. थेंब्या, ये इकडे. थेंब्या, पुन्हा एकदा. तो जायचा, उभा राहायचा, म्हणायचा, आणि मोठी माणसं डोळे मिटून ऐकायची.

आणि तेवढ्यात तो बरा व्हायला लागला. शाळेत एक नव्या बाई आल्या होत्या, गाणं शिकवणाऱ्या. त्यांनी त्याला मधल्या सुट्टीत बसवून मांडीवर हलकी थाप देत शब्द ओढून म्हणायला शिकवलं. पाऽणी. पाऽटी. एके दिवशी जेवताना तो सरळ म्हणाला, “पाणी दे ना, आई.” आईचा हात तांब्यावर थबकला आणि चेहरा असा उजळला की त्याला लाजल्यासारखं झालं. बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. “कधीपासून?” त्यांनी विचारलं. ताप आलेल्या मुलाला विचारावं तसं. ध्वनिचित्राचा शेवटचा भाग तेवढा बाकी होता. रविवारी बाबांनी त्याला माईकसमोर बसवलं. तो ‘पाणी’ म्हणाला. स्वच्छ. परत म्हणाला. परत स्वच्छ. बाबा रागावले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, यंत्राकडे बघत राहिले, आणि म्हणाले, “आज होत नाहीये का रे?”

तेव्हा त्यानं केलं. ओठ दाबले, हवा साठवली, जशी पूर्वी आपोआप साठायची तशी मुद्दाम, आणि एक प सोडला. मग दुसरा. मध्ये किती थांबायचं ते त्याला ठाऊक होतं. इतके महिने तो स्वतःचा प पेन्सिलीवर झेलत आला होता. बाबांनी मान वर केली. डोळ्यांत तो उजेड परत आला. तोच तुकडा ‘पाणी’ ह्या ध्वनिचित्राच्या शेवटी आहे, सगळे आवाज एकेक करून गळून जातात आणि फक्त मुलाचा प उरतो तो. त्याच्यावर लेख आले. माणसाच्या तोंडून इतकं खरं काही रेडिओवर ह्याआधी ऐकलं नव्हतं, असं एकानं लिहिलं. तहानेचा खुद्द उच्चार, असं दुसऱ्यानं. थेंब्या पाहुण्यांसमोर सोंग करत राहिला. उन्हाळा संपला, शाळा उघडली, आणि पहिल्याच दिवशी वर्गात उभं राहून त्याला ‘पुस्तक’ म्हणायचं होतं. सोंग करायचं नव्हतं. तिथे कुणी माईक धरून बसलेलं नव्हतं. त्यानं तोंड उघडलं आणि ओठ सुटेनात. गाणाऱ्या बाईंनी मांडीवर थापा मारून बघितल्या, वर्षभर बघितल्या, मग त्यांची बदली झाली. त्यानंतर अडखळणं गेलं नाही. आणि ध्वनिचित्र पुरं झालेलं असल्यामुळे बाबांना आता त्याचा उपयोगही उरला नव्हता. ते कुठल्याशा कारखान्यातल्या भोंग्यांच्या मागे लागले होते.

एवढं मात्र त्यानं जपलं होतं: त्यानं त्यांना फसवलं होतं. अख्ख्या केंद्रात ज्यांच्या कानाला तोड नाही असं म्हणायचे, कुठल्या नळाचा वॉशर गेलाय हे जे डोळे मिटून ओळखायचे, त्यांना आठ वर्षांच्या पोरानं खोटा प विकला होता आणि त्यांनी तो हिऱ्यासारखा कोंदणात बसवला होता. बाबा गेले तेव्हा शोकसभेत सगळे त्यांच्या कानाबद्दलच बोलले. तो पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. लोकांना वाटलं, रडतोय.

एक्स-रेच्या खोलीत ते गाणं वाजलं त्याच आठवड्यात केंद्राचा फोन आला. बोलणारी बाई निर्माती होती, आवाजावरून पस्तिशीची. जुनी ध्वनिचित्रं केंद्रानं इंटरनेटवर खुली केल्यापासून काय झालंय ते तिनं सांगितलं: कुणा पोरानं ‘पाणी’तला शेवटचा तुकडा उचलला, खाली ठेका जोडला, आणि आता लग्नात नाचतात त्याच्यावर. “साहेबांना आवडलं असतं, नाही?” ती म्हणाली. “तुकड्यांतून तुकडे. आम्ही शनिवारी संध्याकाळी मूळ ‘पाणी’ पूर्ण लावतोय. आणि सर, त्यातला तो मुलगा तुम्ही ना? तुम्ही आलात तर काय बहार येईल. थेट प्रसारण आहे, पंधराएक मिनिटं गप्पा. बाकी काही नाही.” तो ‘बघतो’ म्हणाला. घरी आला तर आईला आधीच कळलेलं होतं; त्या निर्मातीनं तिलाच पहिल्यांदा गाठलं होतं, आणि तिनं परस्पर होकार देऊन टाकला होता.

“ह्यांचं नाव निघतंय कितीतरी दिवसांनी,” आई म्हणाली. ती ऐंशीच्या पुढे गेली होती. दिवसभर मांडीवर रेडिओ घेऊन खिडकीशी बसायची, एका कानानं ऐकायची. “आणि तुला जायला काय होतं? शनिवारी तर सुट्टीच असते.”

“कसलं जायचं? कुठे?” बायको ताटं मांडता मांडता म्हणाली.

आईनं सांगितलं. अगदी कौतुकानं, पेन्सिलीसकट सगळं. बायको औषधांच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांची अक्षरं आणि खोट्या सबबी वाचून तिला माणूस पटकन कळायचा, असं ती म्हणायची. ती आधी हसली. “म्हणजे ते गाणं... अहो, आमच्या दुकानातल्या पोरी दिवसभर लावतात ते! मीपण गुणगुणते की.” मग तिचं हसू हळूहळू आटलं. आई झोपायला गेल्यावर ती ताटं तशीच ठेवून त्याच्यासमोर बसली.

“अजून होतं का तसं तुम्हाला?”

“कधीकधी.”

“मात्र मात्र करत असता ते ह्याच्यामुळे?”

त्यानं मान डोलावली.

“लग्न ठरलं तेव्हा माझं नाव घ्यायला सांगितलं होतं सगळ्यांनी. तुम्ही घेतलं नाहीत. मला वाटलं, लाजताय. नंतर नंतर वाटायचं, आवडत नाही.” तिच्या नावाची सुरुवात प नंच होती. इतक्या वर्षांत त्यानं तिला ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ ह्याशिवाय कशानं हाक मारली नव्हती. “मला सांगितलं असतंत तर मी काय, दुसरं नाव घेतलं नसतं?” ती म्हणाली, आणि उठून ताटं धुवायला गेली. नळ चालू झाला. त्याला तिच्यामागे जायचं होतं. तो बसून राहिला, कारण काय बोलायचं ते सुचत होतं आणि त्या प्रत्येक वाक्यात तिचं नाव होतं.

जायचं त्यानं त्याच रात्री ठरवलं. बाबांसाठी नव्हे. आईसाठीही नव्हे. त्याला ते सांगायचं होतं. थेट प्रसारणात, कापता येणार नाही, उलटं वाजवता येणार नाही असं: तो शेवटचा भाग खोटा आहे. तुम्ही ज्याला तहान म्हणता, लेख लिहिता, ज्याच्यावर नाचता, ते एका मुलानं बापाचा चेहरा पडू नये म्हणून केलेलं सोंग आहे. त्यात पाणी नाही, तहान नाही, काही नाही. साहेबांचा कान फसला. शनिवारपर्यंत तो क्ष-किरणांच्या काळ्या पडद्यासमोर उभा राहून मनात वाक्यं जुळवत होता. दोन शब्द पुढे चालणाऱ्यानं सगळी वाट झाडून ठेवली होती. ‘तो शेवटचा भाग खोटा आहे.’ त्यात एकही प नव्हता. वाक्य इतकं साधं होतं की त्याला त्याचा आनंद झाला. लोकांच्या फासळ्या उजेडावर धरताना तो मनातल्या मनात ते वाक्य म्हणायचा, आणि त्याला हलकं वाटायचं, एखाद्याचा काटा काढायला निघालेल्या माणसाला वाटत असावं तसं.

केंद्राची इमारत रंगवलेली होती, लिफ्ट नवी होती, पण स्टुडिओच्या दाराचं जड लाकूड आणि आत शिरल्यावर कान बुजल्यासारखं होणं तेच होतं. भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या. टेबलावर हिरवं कापड. निर्माती त्याच्यासमोर बसली. बारीक चणीची, केस बारीक कापलेली, हातांखाली बटणांची पाटी. “मी बोलता बोलता मिसळत जाते,” ती म्हणाली. “माझी पद्धत आहे. तुम्ही लक्ष देऊ नका.” तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. लाल दिवा लागला. ती छान बोलली, बाबांबद्दल त्याला माहीत नसलेलं बरंच बोलली. मग ‘पाणी’ सुरू झालं. त्यानं ते मोठा झाल्यावर कधी पूर्ण ऐकलंच नव्हतं. नळ. बादलीची कडी. रांगेतल्या बायकांची बाचाबाची, तिचे तुकडे असे जोडलेले की हातपंप चालल्यासारखं वाटावं. कुणी मंत्री काहीतरी आश्वासन देत होता आणि त्याच्या प्रत्येक वाक्याचा शेवट गटारात गुळगुळत जात होता. हे चांगलं होतं. त्याला कबूल करणं भाग पडलं की हे फार चांगलं आहे, आणि त्याचा त्याला मनापासून राग आला. मध्येच एक कापडाची सळसळ आली आणि थांबली. मग मुलगा आला. आधीचा, खरा, ओला, गोंधळलेला, मध्येच नाक ओढणारा. मग बरंच काही. मग सगळं गळत गेलं आणि शेवटचा मुलगा उरला. तो स्वच्छ होता. अंतर मोजलेलं. ह्याला तहान नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

“सर,” निर्माती हळू आवाजात म्हणाली, “इतक्या वर्षांनी हे ऐकताना काय वाटतं?”

“मला एक सांगायचंय,” तो म्हणाला. आवाज नीट होता. “तो जो शेवटचा भाग आहे, तो...”

ख आला नाही.

ख नं त्याला कधी दगा दिला नव्हता. खोकला, खांदा, खुबा, खाली, तो दिवसातून शंभरदा म्हणायचा. जीभ मागे गेली आणि तिथेच चिकटली. घशात दार लागलं. त्यानं जोर केला, एक कोरडा घर्षणाचा आवाज झाला, ख, आणि परत दार लागलं. ख. ख, ख. दुसरा शब्द घ्यावा. बनावट. नकली. हे शब्द त्याला समोर दिसत होते, लख्ख, आणि त्यांच्यापर्यंत जाता येत नव्हतं, कारण दोन शब्द पुढे चालणारा तो कुठेच नव्हता. निर्माती पुढे झुकली होती. काचेमागच्या इंजिनियरनं घाबरून हात वर केला. तिनं त्याच्याकडे न बघता तळवा दाखवला, थांब. तिचे डोळे चकाकत होते. ती त्याच्याकडे कशी बघतेय ते त्याला कळलं. असं त्याच्याकडे ह्याआधी एकाच माणसानं बघितलं होतं. मग तिच्या बोटांनी पाटीवरचं एक बटण सावकाश वर सरकवलं, आणि हेडफोनमध्ये, त्याच्या ख च्या खाली, तो मुलगा परत आला. प, प. ख. प-प. ख, ख. प. दोघांची लय जुळत होती. त्यानं तोंड मिटलं. मुलगा थोडा वेळ एकटा चालत राहिला, मग तिनं त्यालाही विरू दिलं. लाल दिवा विझला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तिनं त्याचे दोन्ही हात धरले. ती खरंच रडत होती. “सर, हे तुम्ही ठरवून केलंत ना? आणि प नाही घेतलात, ख घेतलात! ख म्हणजे कोरड. मला काही बोलायचंच उरलं नाही. हे आम्ही वेगळं काढून ठेवतो, चालेल ना तुम्हाला?”

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“ठेवू नका ते.”

“अहो सर, गेलं की ते,” ती डोळे पुसत हसली. “थेट होतं.”

घरी जिन्यापर्यंत तो चालत आला. बायको दारातच होती. तिनं ऐकलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि बाजूला ठेवली. “काय सांगायचं होतं तुम्हाला?” तिनं विचारलं. “शेवटचा भाग काय?” नुसतं विचारलं, आणि थांबून राहिली. तिच्यापाशी आता सांगता येईल असं त्याला वाटलं. कितीही अडखळलं तरी तिच्यापाशी चालेल, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. त्यानं चपला काढल्या. तेवढ्यात आतून आईनं हाक मारली.

ती खिडकीशीच बसलेली होती. रेडिओ मांडीवर चालू होता, कसलीशी जाहिरात लागली होती. तिनं त्याचा हात ओढून त्याला शेजारी बसवलं.

“छान केलंस हो,” ती म्हणाली. “मला धाकधूक होती, ह्या वयात तुला आता तसं जमायचं नाही. अगदी तेव्हासारखं जमवलंस.”

“काय जमवलं?”

“ते अडखळणं रे. आता काय लपवतोस माझ्यापासून. शेवटी शेवटी तू मुद्दाम करायचास ना?” ती हसली. खालच्या दातांच्या जागा रिकाम्या होत्या. “ह्यांना तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्या रविवारी आत येऊन मला म्हणाले, पोरगं सोंग करतंय, पण काय सोंग करतंय! माझ्यावर गेलंय म्हणाले. इतकी खुशीत होती स्वारी की विचारू नकोस. तू खरं अडखळायचास ते म्हणे फार चिकट यायचं, कापायला त्रास व्हायचा. हे कसं सुटं सुटं.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. त्याच्या मनगटावर तो ठेवलेला होता, हलका, सुरकुतलेला.

“मग मला थांबवलं का नाही कुणी?”

“थांबवायचं?” तिला खरंच कळलं नाही. “अरे, तू किती आनंदात असायचास तेव्हा. शाळेतून आलास की धावत त्यांच्या खोलीत. मी म्हटलं, कशाला मोडायचं.”

बायको दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. त्यानं आईकडे तोंड वळवलं. आजचं खरं होतं, एवढंच त्याला तिला सांगायचं होतं. आई, आज खरं होतं. त्यानं श्वास घेतला. “आई, आज ख,” तो म्हणाला, “ख, ख...”

आईनं त्याच्या गालावर प्रेमानं टपली मारली.

“पुरे रे आता,” ती म्हणाली, “झाला कार्यक्रम. जरा आवाज वाढव बघू, बातम्या लागतील.”

त्यानं आवाज वाढवला.